डोळे आलेत म्हणून थेंब घालत होतो, आत धमनी फाटली होती

कृष्णाकाठ (धागालेखिका)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. धाकट्या भावाबद्दल लिहिते आहे, त्याला विचारूनच. तो तेव्हा ३१ वर्षांचा होता, चाकणला नोकरीला.

२०२३ चा जुलै आठवत असेल. आळंदीकडून डोळ्यांची साथ सुरू झाली आणि बघता बघता सगळीकडे काळे गॉगल दिसायला लागले. त्याचा उजवा डोळा लाल झाला तेव्हा कुणाला वेगळं काही वाटायचं कारणच नव्हतं. मेडिकलमधून थेंब आणले. पाच दिवसांनी एका डॉक्टरांनी थेंब बदलून दिले. डोळा चिकटत नव्हता, घाण येत नव्हती, दुसऱ्या डोळ्याला काही झालं नव्हतं. या तिन्ही गोष्टी साथीच्या डोळ्यांत बसत नाहीत, हे आता कळतं.

त्याने आईला फोनवर दोनदा सांगितलं होतं की डोक्यात आवाज येतो. "पाण्याची मोटर लांबून ऐकू यावी तसा, पण ठोक्याठोक्याने." रात्री कुशीवर झोपलं की जास्त. आम्ही म्हणालो, दिवसभर मशीनजवळ उभा असतोस, कान वाजत असतील. हे वाक्य माझं होतं. तेराव्या दिवशी तो घरी आला आणि आईने ताट वाढताना बघितलं, त्याचा डोळा पुढे आला होता. त्याला एकाचे दोन दिसत होते, आणि हे त्याने आम्हाला सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ज्या नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेलो त्यांनी त्याला डोळा मिटायला सांगितला आणि पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला. मग तो मला कानाला लावायला दिला. मी तो आवाज ऐकला आहे. भात्याने हवा मारावी तसा, प्रत्येक ठोक्याला.

डोळ्याच्या मागे, कवटीच्या तळाशी, अशुद्ध रक्ताचा एक साठा असतो आणि त्याच्या मधून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी जाते. पाण्याच्या टाकीतून नळ गेलेला असावा तशी. ती धमनी आत फाटली होती. धमनीच्या दाबाचं रक्त थेट शिरांच्या साठ्यात घुसत होतं आणि उलटं डोळ्याकडे येत होतं, म्हणून डोळा लाल, म्हणून पुढे आलेला, म्हणून आवाज. याला कॅरॉटिड-कॅव्हर्नस फिस्टुला म्हणतात. बहुतेक वेळा अपघातात डोक्याला मार लागून होतो. भावाला काहीच लागलं नव्हतं.

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मांडीतून नळी घालून अँजिओग्राफी करायचं ठरलं, सह्या झाल्या. त्या सकाळी राउंडला आलेल्या एका तरुण न्यूरॉलॉजिस्टने त्याचा शर्ट काढायला लावला. छातीवरच्या निळ्या शिरा नकाशासारख्या दिसतात त्याच्या, लहानपणापासून. पातळ कातडी, सहज उठणारे काळेनिळे डाग, बारीक नाक, मोठे डोळे, हाताची कातडी मात्र म्हाताऱ्या माणसासारखी. त्याने विचारलं, घरात कुणी तरुणपणी गेलंय का?

मी सांगत गेले आणि सांगतानाच मला घाम फुटला. वडील ४३ व्या वर्षी गेले, शेतात. "अटॅक" म्हणाले, कुणी तपासलं नाही. चुलते ३६ व्या वर्षी, पोटात आतडं फुटून. आत्या २४ व्या वर्षी, पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव होऊन. आमच्याकडे म्हणायचे, या घराण्याला आयुष्य नाही. आजीने किती ठिकाणी नारळ फोडले असतील. कुणी करणी म्हणायचं, कुणी वास्तूचा दोष म्हणायचं. तिन्ही मरणं एकाच कारणाची असतील, असं आमच्यापैकी एकालाही कधी वाटलं नव्हतं.

अँजिओग्राफी थांबवली. सीटीवरच नसा बघितल्या, रक्त जनुक तपासणीला गेलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं: व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम, म्हणजे धमन्या कच्च्या असण्याचा आनुवंशिक आजार, सीओएल३ए१ जनुकात बदल. पण डोळा तेवढा थांबणार नव्हता. रिपोर्ट येण्याआधीच, हाच आजार आहे असं धरून उपचार झाले. धमनीला कमीत कमी हात लावून, शिरेच्या बाजूने नळी नेऊन, डोळ्यामागच्या त्या साठ्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरली. करणाऱ्या डॉक्टरांनी आधी स्पष्ट सांगितलं होतं, "याच्या धमन्या भिजलेल्या पापडासारख्या आहेत. मी जपून जाईन, पण वचन देत नाही." शुद्धीवर आल्यावर भावाचं पहिलं वाक्य होतं, "ताई, मोटर बंद झाली."

आता ज्यासाठी धागा काढला ते. हा बदल आईवडिलांपैकी एकात असला तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. वारलेल्या चुलत्यांची मुलगी २४ वर्षांची आहे. तिचं स्थळ बघणं चालू आहे. काकू म्हणतात, "तिला काही सांगू नका, लग्न होऊ दे." मला दोन मुलं आहेत, माझंही रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. इथे कुणाच्या घरी असं काही झालं असेल तर कसं बोललात, ते सांगाल का?

—

रानजाई

वाचून सुन्न झाले. भाऊ सुखरूप आहे हे वाचल्यावर श्वास सोडला. ताई, "कान वाजत असतील" हे कुणीही म्हणालं असतं, ते मनाला लावून घेऊ नका.

एक विचारायचं होतं. माझा भाचा सव्वासहा फूट, हातपाय काटकुळे, डोळ्याचं भिंग सरकल्यामुळे लहानपणी ऑपरेशन झालं. त्याला मार्फान सांगितलंय. हे आणि ते एकच का? त्याच्याही मेंदूची तपासणी करायची का?

—

दीपस्तंभ

मी न्यूरोरेडिओलॉजीत काम करतो. वरचं वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. इथे कुणाचंही निदान करत नाही, समजून घ्यायला उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

एकच नाहीत, पण एका आळीतले आहेत. शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊतींमध्ये वेगवेगळे धागे असतात आणि कुठला धागा कच्चा, त्यावर काय तुटेल ते ठरतं.

मार्फानमध्ये फायब्रिलिन नावाचं प्रथिन कच्चं असतं. पॅरिसच्या अंतवान मार्फान यांनी १८९६ मध्ये पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं, जनुक सापडायला १९९१ उजाडलं. यात मुख्य भीती महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळाची. मेंदूतल्या धमन्यांवर फुगे (भिंत कच्ची होऊन आलेले फुगवटे) जास्त होतात का, यावर आमच्यात अजून वाद आहे; काही अभ्यासांत जास्त दिसले, काहींत नाही. मार्फानच्या माणसाला पक्षाघात झाला तर कारण बरेचदा खाली छातीत असतं: महाधमनीला पडलेली चीर वर मानेच्या धमनीत सरकते, किंवा हृदयाच्या खराब झडपेवरून गुठळी सुटते. म्हणून रानजाई, भाच्याचा इको वेळेवर होतोय ना हे आधी बघा. डोक्याच्या तपासणीचं त्याच्या डॉक्टरांना विचारा.

लोईस-डीट्झ सिंड्रोम हा तिसरा भाऊ, २००५ मध्ये वेगळा ओळखला गेला. त्याआधी यातली पुष्कळ माणसं मार्फान म्हणूनच नोंदली गेली असणार. दोन डोळ्यांत जास्त अंतर, पडजीभ मध्ये दुभंगलेली, आणि मानेतल्या धमन्या घाटातल्या रस्त्यासारख्या वळणावळणाच्या. तोंड उघडायला लावून पडजीभ बघायला अर्धं मिनिट लागतं, पण ती क्वचितच कुणी बघतं. मेंदूतल्या फुग्यांचं प्रमाण यात खरंच जास्त आहे, वेगवेगळ्या अभ्यासांत दहा ते तीस टक्क्यांच्या दरम्यान. एरवी प्रौढ माणसांत ते तीन टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणून यात डोक्यापासून ओटीपोटापर्यंत सगळ्या धमन्यांचं चित्रण करायला सांगतात.

आणि धागालेखिकेच्या भावाचा आजार. यात कोलॅजेन-३ हे प्रथिन कच्चं. हे कोलॅजेन धमन्यांच्या भिंतीत, आतड्यात आणि गर्भाशयात भरपूर असतं. ताईंनी सांगितलेली तीन मरणं पुन्हा वाचा. शेत, आतडं, बाळंतपण. पाठ्यपुस्तकात याहून स्पष्ट लिहिलेलं नसतं. मेंदूच्या बाजूने यात सगळ्यांत जास्त दिसणारी गोष्ट हीच, मार न लागता झालेला कॅरॉटिड-कॅव्हर्नस फिस्टुला. त्याशिवाय मानेतल्या धमनीच्या आतल्या थराला चीर पडते, कधी फुगा होतो. फुगा नसलेली, चित्रात चांगली दिसणारी धमनीही फाटू शकते, हे यातलं सगळ्यांत अवघड.

त्या तरुण डॉक्टरने शर्ट काढायला लावला, त्याला माझा नमस्कार सांगा. आमच्या कामात नळी जिथून घालतो त्या मांडीच्या धमनीपासूनच धोका सुरू होतो, आणि तो धोका यात जुन्या अहवालांपासून नोंदलेला आहे. सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने भागत असेल तर नुसत्या निदानासाठी नळी घालू नये.

—

मिरजेचा_पाहुणा

थोडं वेगळं आहे, पण मानेच्या धमनीचा विषय निघाला म्हणून. मला ३८ व्या वर्षी सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान "मोडून" दिली. कडकन आवाज आला, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मानेच्या डाव्या बाजूला कधी नव्हे असं दुखायला लागलं आणि बायको म्हणाली, तुझी एक पापणी खाली आली आहे. बाहुलीही बारीक झाली होती. एमआरआयमध्ये मानेच्या धमनीला आतून चीर. अ‍ॅस्पिरिनवर राहिलो, सहा महिन्यांनी धमनी भरून आली.

मला कुठलाही आनुवंशिक आजार निघाला नाही. पण डॉक्टरांनी माझी कातडी, सांधे, पडजीभ सगळं बघितलं होतं आणि घरच्यांची चौकशी केली होती. तेव्हा वाटलं, मानेचा आणि आजोबांचा काय संबंध. आज या धाग्यावर कळलं.

—

दीपस्तंभ

मिरजेचा_पाहुणा, फार मोलाचं लिहिलंत. तरुण माणसाला पक्षाघात झाला तर मानेतल्या धमनीची चीर हे मोठं कारण असतं, आणि बहुतेकांत कुठलंही नाव असलेलं सिंड्रोम सापडत नाही. चीर पडल्यावर अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी द्यायची की रक्त पातळ करणारं जास्त तीव्र औषध, यावर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियामध्ये २५० रुग्णांचा एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला; दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र ज्यांना एहलर्स-डॅनलॉस किंवा लोईस-डीट्झ आहे त्यांचा निर्णय वेगळा, तो त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

आणि सलूनमधली मान मोडणं कुणीच करून घेऊ नका. ज्यांच्या घरात हे आजार आहेत त्यांनी तर कधीच नाही.

—

ओवी_रॉटरडॅम

मी स्वतः मार्फानची रुग्ण, वय ४४. उलट बाजूचा अनुभव लिहिते.

तीन वर्षांपूर्वी भयंकर डोकेदुखी सुरू झाली. मला खात्रीच झाली की मेंदूत काहीतरी फुटलं. रात्री दोनला नवऱ्याला उठवून मुलांची कागदपत्रं कुठे आहेत ते सांगितलं. सगळ्या तपासण्या झाल्या, धमन्या चांगल्या. दुखणं बसलं-उभं राहिलं की वाढायचं, आडवं पडलं की पंधरा मिनिटांत उतरायचं. हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मार्फानमध्ये कण्याभोवतीचं आवरणही सैल होऊन फुगतं, आणि त्यातून मेंदूभोवतीचं पाणी झिरपून दाब कमी होतो. पाठीत माझ्याच रक्ताचा "पॅच" दिला, दुखणं गेलं.

म्हणून म्हणते, असा आजार असलेल्या माणसाने डोकेदुखी झाली की घाबरायचंही आणि नीट निरखायचंही. कधी सुरू झाली, कुठल्या क्षणी, पडल्यावर काय होतं, मान दुखते का. क्षणात कडेलोट व्हावा तशी आलेली डोकेदुखी मात्र घरी निरखायची नाही, गाडी काढायची.

कृष्णाकाठ, तुमच्या भावाला माझ्याकडून खूप खूप प्रेम.

—

तळ्यातला_दगड

माझं मत कदाचित आवडणार नाही. वरचं सगळं वाचून मला तरी या आजारावर इलाज नाही असंच दिसतं. मग त्या २४ वर्षांच्या मुलीला सांगून काय मिळणार? लग्न मोडेल, रोज मरणाची वाट बघत जगेल. माझ्या मावसबहिणीचं थॅलेसेमिया मायनर निघालं एवढ्यावरून दोन स्थळं परत गेली होती, तिच्या आईने तेव्हा काय सोसलं ते मी बघितलंय. काकूंचं मन मला कळतं.

—

कृष्णाकाठ

तळ्यातला_दगड, राग नाही आला. काकूंनी ३० व्या वर्षी कुंकू गमावलं, दोन म्हशींवर पोरगी शिकवली. त्यांच्यावर मी चिडूच शकत नाही. रात्र रात्र मी हाच विचार करते.

पण आत्याचं काय झालं ते मी विसरू शकत नाही. तिलाही कुणी काही सांगितलं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. आता आम्हाला माहीत आहे. माहीत असून तिला बाळंतपणाला पाठवायचं?

—

दीपस्तंभ

इलाज नाही हे अर्धंच खरं. जनुक बदलता येत नाही. पण माहीत असल्याने काय काय बदलतं ते सांगतो.

गरोदरपण. या आजारात गरोदर बाईला जिवाचा धोका साधारण वीसात एक इतका नोंदलेला आहे. मूल नको असं सगळ्यांनी म्हणायचं नसतं, पण निर्णय तिने जाणून घ्यायचा, आणि बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवायचं. तालुक्याच्या ठिकाणी नक्कीच नाही.

औषध. सेलिप्रोलॉल नावाच्या बीटा-ब्लॉकरचा (रक्तदाबावरच्या एका प्रकारच्या गोळीचा) अभ्यास फ्रान्स आणि बेल्जियममध्ये झाला, २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ५३ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांत २० टक्के जणांची धमनी फाटली किंवा चिरली, न घेणाऱ्यांत ५० टक्के. अभ्यास लहान आहे, आणि त्यातल्या ३३ जणांतच जनुकातला बदल सिद्ध झाला होता, हेही सांगायला हवं. तरी या आजारात इतका फरक दाखवणारा तो पहिला.

आणि जे रोज आपल्याकडे घडतं ते. जुलाब झाले, मेडिकलमधून ऑफ्लॉक्सॅसिनची गोळी. लघवीला जळजळ, सिप्रोफ्लॉक्सॅसिन. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०१८ मध्ये बजावलं की मार्फान आणि एहलर्स-डॅनलॉस असलेल्यांना दुसरा पर्याय असताना ही औषधं देऊ नयेत, महाधमनी फाटण्याचा धोका वाढतो. त्या मुलीला कुणी सांगितलंच नसेल तर पावसाळ्यात एकदा तरी ती गोळी तिच्या पोटात जाईल.

पोट अचानक दुखलं तर ती डॉक्टरला काय सांगणार? "अ‍ॅसिडिटी असेल." माहीत असेल तर आजाराचं नाव सांगेल, आणि सर्जन सुरी धरण्याआधी थांबून विचार करेल.

—

सुईधागा

मी जनुकीय सल्लागार म्हणून काम करते. थोडंसंच सांगते, कारण या धाग्यावरची माणसं मुळातच नीट विचार करताहेत.

तपासणी करायची की नाही, हा हक्क त्या मुलीचा. काकूंचा नाही, तुमचाही नाही. पण तपासणी उपलब्ध आहे आणि का आहे, हे तिला कळणं, हाही तिचाच हक्क. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की घरातलं भांडण अर्धं मिटतं. "तुला हा आजार आहे" असं सांगायचं नाहीये. "बाबांच्या बाजूला हा आजार सापडलाय, तुला हवं असेल तर बघता येतं," एवढंच. मनाची तयारी नसेल तर ती आज नाही म्हणेल, पुढच्या वर्षी हो म्हणेल. तोवरही क्विनोलोन गोळ्या (वरच्या ऑफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या) टाळणं, मान न मोडणं, डॉक्टरांना घराण्याचा इतिहास सांगणं हे करताच येतं, त्याला रिपोर्ट लागत नाही.

खर्चाचं: पहिल्या माणसाची तपासणी महाग पडते, कारण कुठे बघायचं ते माहीत नसतं. घरातला बदल एकदा सापडला की बाकीच्यांत फक्त तेवढीच जागा बघायची, ते बरंच स्वस्त. भावाच्या रिपोर्टची प्रत सोबत न्या, ती फार महत्त्वाची. मुंबईचं केईएम हे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातल्या केंद्रांपैकी आहे, तिथे जनुकीय सल्ल्याची विचारणा करा.

आणि भावाच्या पाकिटात एक कागद ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत. आजाराचं नाव, "धमनीत नळी घालण्याआधी तज्ज्ञांशी बोला", घरचा नंबर.

—

मिरजेचा_पाहुणा

कागदाचं मनापासून पटलं. मोबाईलला लॉक असतं, पाकिटाला नसतं.

—

कृष्णाकाठ

दोन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा.

माझा रिपोर्ट आला. माझ्यात तो बदल नाही. म्हणजे माझ्या मुलांतही माझ्याकडून येणार नाही. फोन ठेवल्यावर मी आनंदाने रडले की भावाला आहे आणि मला नाही म्हणून रडले, सांगता येत नाही. त्याला आधी सांगायचं धाडस होत नव्हतं. त्याला कळल्यावर तोच म्हणाला, "बरं झालं, कुणीतरी पळापळ करायला लागेलच की."

सुईधागा, तुम्ही लिहिलेलं मी प्रिंट काढून काकूंना वाचून दाखवलं. नावं वगळून सगळा धागाच दाखवला. तळ्यातला_दगड, तुमचंही. तुमचं वाचताना त्या मान हलवत होत्या. "आज नाही म्हणेल, पुढच्या वर्षी हो म्हणेल" इथे त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मग तिलाच बोलव, माझ्यासमोर सांग."

चुलीपाशी बसून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने बाही वर करून दंडावरचा डाग दाखवला, कशाने झाला ते तिला आठवत नव्हतं. म्हणाली, "मला कॉलेजपासून वाटायचं, माझ्यात काहीतरी आहे, पण बाबांसारखं म्हणायला भीती वाटायची."

काल तिचं रक्त दिलं. काकू सोबत होत्या. आलेल्या स्थळाला तिने स्वतः फोन करून सांगितलं की तीन महिने थांबा, एक तपासणी चालू आहे, झाली की सगळं सांगते. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.